अझरबैजानी भाषेत लिहिणारे कवी : निजामीला बाजूला ठेवल्यास कोण उरते?

ऋतुगंध यांचा प्रश्न :

सप्रेम नमस्कार. उर्दू आणि मराठी गझल वाचता वाचता मी फारसी काव्यपरंपरेकडे वळलो आणि तेथून निजामी गंजवीपर्यंत पोहोचलो. बाराव्या शतकातील हा कवी आजच्या अझरबैजानातील गंजा शहराचा. बाकूमधील साहित्य संग्रहालय त्याच्या नावाने ओळखले जाते, आणि १९४७ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्याची आठशेवी जयंती तेथे मोठ्या थाटात साजरी केली होती. परंतु ज्या 'खम्सा'मुळे तो जगभर वाचला जातो, ती पाचही काव्ये फारसीत आहेत. शिर्वानचा खाकानी आणि गंज्याचीच रुबाईकार महसती यांची गोष्टही याहून वेगळी नाही.

निजामी कोणाचा, इराणचा की अझरबैजानचा, हा वाद मला येथे उकरायचा नाही. ज्यांनी प्रत्यक्ष अझरबैजानी भाषेत कविता केली, ते महत्त्वाचे कवी कोणते आणि त्यांच्यात वाचण्याजोगे काय आहे, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. नावांची जंत्री कोठेही मिळते. ज्यांनी हे काव्य भाषांतरातून का होईना पण मनापासून वाचले आहे, त्यांचे मत मला अधिक मोलाचे वाटेल. सुरुवात कोणापासून करावी, हेही कृपया सुचवावे.


पैलतीर यांचे उत्तर :

ऋतुगंध, आपण वाद टाळलात हे बरे केले. तरीही एक गोष्ट आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तिच्यावाचून पुढची नावे चमत्कारिक वाटतील. ही भाषा तुर्की भाषाकुळाच्या ओघुझ शाखेतील असून ऑटोमन तुर्कीची अगदी जवळची बहीण आहे. जुने कवी तिला केवळ 'तुर्की' म्हणत. आजही ती बोलणारे लोक अझरबैजान प्रजासत्ताकापेक्षा इराणच्या वायव्य भागात अधिक संख्येने राहतात. त्यामुळे या भाषेतील कवींचा शोध घेताना आजच्या राजकीय नकाशावर बोट ठेवून चालत नाही. यातील एक कवी खुरासानात होऊन गेला, दुसऱ्याला हलबमध्ये म्हणजे अलेप्पोत ठार मारण्यात आले, आणि सर्वांत थोर मानला जाणारा तिसरा कवी आयुष्यभर इराकमध्ये राहिला.

खुरासानचा तो कवी म्हणजे इज्जद्दीन हसनओग्लू. या भाषेतील अगदी आरंभीच्या गझलांपैकी एक त्याच्या नावावर आहे आणि ती आजही गायली जाते. त्याची उपलब्ध रचना फारच थोडी असल्यामुळे त्याच्याविषयी यापेक्षा अधिक लिहीत नाही.

खरी सुरुवात इमादद्दीन नसीमीपासून होते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला हा कवी हुरूफी पंथाचा होता. अक्षरे हीच ईश्वराची खूण आहे आणि ती अक्षरे माणसाच्या चेहऱ्यावर, त्याच्या भुवयांत, पापण्यांत आणि केसांच्या रेषांत उमटलेली आहेत, असे हा पंथ मानत असे. माणसाचा चेहरा वाचता आला की ईश्वर वाचता आला, हे या विचाराचे सार. पंथाचा संस्थापक फजलुल्लाह याला १३९४ मध्ये तैमूरचा मुलगा मीरानशाह याने ठार केले, आणि पुढे १४१७ च्या सुमारास मामलुकांच्या सत्तेखालील हलबमध्ये नसीमीला धर्मद्रोहाच्या आरोपावरून जिवंतपणी सोलून मारण्यात आले. त्याच्या सर्वांत गाजलेल्या गझलेची पहिली ओळ 'मेंदे सिगार इकी जहान, मेन बू जहाना सिगमाजाम' अशी आहे. माझ्यात दोन्ही जगे मावतात, मी मात्र या जगात मावत नाही, असा तिचा अर्थ. अशी ओळ लिहिणाऱ्या माणसाला त्या काळातील धर्मपीठ सुखाने जगू देणार नव्हते. नसीमीने फारसीतही दिवान, म्हणजे कवितासंग्रह, रचला, परंतु त्याच्या आवाजातला हा बेदरकारपणा तुर्की रचनांमध्ये जास्त मोकळा होतो, असे मला वाटते.

आता मुहम्मद बिन सुलेमान, म्हणजेच फुजुली. हा बयात टोळीतील, इराकच्या कर्बला, नजफ आणि बगदाद या परिसरात आयुष्य काढलेला, आणि १५५६ मध्ये मरण पावलेला कवी. त्याने तुर्की, फारसी आणि अरबी अशा तिन्ही भाषांत काव्यरचना केली, तेव्हा तुर्की ही त्याची निवड होती, अगतिकता नव्हती. या निवडीविषयी त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. फारसीत इतके काव्य आढळते, कारण तुर्कीत नाजूक काव्य रचणे अवघड आहे. ईश्वराची साथ लाभली तर ही अवघड गोष्ट मी सोपी करून दाखवीन, कारण वसंत आला की काट्यातूनही गुलाबाची पाकळी प्रकटते, असा त्याच्या या प्रसिद्ध ओळींचा आशय आहे.

तो 'अवघड' का म्हणतो, हे गझलेच्या वाचकांना चटकन कळेल. अरबी-फारसी अरूज हे छंदशास्त्र लघु-गुरूंवर उभे आहे, आणि या भाषेच्या मूळ शब्दांत मात्र ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा भेद नाही. म्हणजे वृत्तात जेथे गुरू हवा तेथे देशी शब्दातला आखूड स्वर ओढून लांबवावा लागतो, नाही तर त्याच्या जागी फारसी शब्द आणून बसवावा लागतो. सामान्य कवींनी दुसरा मार्ग पत्करला आणि त्यांच्या ओळीत क्रियापदाखेरीज काही तुर्की उरले नाही. फुजुलीही फारसी शब्द भरपूर वापरतो, पण भावनेचा नेमका घाव घालायचा असतो तेथे तो बोलीतला साधा शब्द ठेवतो.

त्याचे 'लैला-मजनू' हे काव्य १५३५-३६ मधले आहे. सुलतान सुलेमानने १५३४ मध्ये बगदाद जिंकले, त्याच्यासोबत इस्तंबूलचे कवी आले आणि त्यांच्या आग्रहावरून फुजुलीने हा विषय हाती घेतला. कथा निजामीचीच आहे, पण फुजुलीने तिचा आत्मा बदलला. मजनूचा बाप त्याला काबागृहाला घेऊन जातो आणि या वेडातून सुटका व्हावी म्हणून प्रार्थना करण्यास सांगतो. मजनू हात उंचावून मागणे मागतो ते उलटेच : हे प्रभो, प्रेमाच्या या आपत्तीशी माझी ओळख करून दे आणि क्षणभरही मला तिच्यापासून दूर करू नकोस. शेवटी लैला स्वतः चालत त्याच्यापाशी येते, तेव्हा तो तिला स्वीकारत नाही, कारण ती त्याच्या आतच असते आणि बाहेरच्या लैलेची त्याला गरज उरलेली नसते. या प्रसंगावर मी बराच काळ अडखळलो. लैलेच्या बाजूने पाहिले तर हा अन्याय आहे, आणि फुजुलीला तो अन्याय दिसत होता, असे तिच्या तोंडच्या गझला वाचताना वाटत राहते.

ज्यांना हा कवी फक्त विरहाचा वाटतो, त्यांनी त्याचे 'शिकायतनामा' हे गद्यपत्र वाचावे. सुलतानाने त्याला रोज नऊ अक्चे, म्हणजे चांदीची नाणी, एवढे निवृत्तिवेतन मंजूर केले होते, पण वक्फच्या कारकुनांनी ते दिले नाही. मी त्यांना सलाम केला, पण ती लाच नसल्यामुळे त्यांनी तो घेतला नाही, हे त्यातले वाक्य तुर्कस्तानात आजही सरकारी कचेऱ्यांविषयी बोलताना ऐकू येते.

सुरुवात कोणापासून करावी, याचे माझे उत्तर फुजुली हेच आहे. त्याच्या 'लैला-मजनू'चे सोफी हुरी यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आहे.


दख्खनवासी यांचे उत्तर :

पैलतीर यांनी फुजुलीविषयी मनापासून लिहिले आहे. मी इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण या भाषेतील एक मोठा कवी राज्यकर्ता होता आणि त्याचे धागे थेट आपल्या दख्खनेपर्यंत येतात.

इराणच्या सफवी घराण्याचा संस्थापक शाह इस्माईल (१४८७-१५२४) 'खताई' या तखल्लुसाने, म्हणजे कविनामाने, कविता करीत असे, आणि तीही प्रामुख्याने तुर्कीत. त्याचे 'दहनामे' म्हणजे प्रेमिकांमधील दहा पत्रांचे काव्य १५०६ मधले आहे, म्हणजे तेव्हा तो विशीतही पोहोचला नव्हता. त्याचे सैन्य किजिलबाश तुर्कमान टोळ्यांचे होते, आणि त्यांच्यापर्यंत पंथाचा संदेश पोहोचवायचा तर तो त्यांच्या भाषेत असणे भाग होते. या कवितांमध्ये भक्ती किती आणि सत्ताप्रचार किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. मला त्यांतील काही रचना आत्मस्तुतीने जड झालेल्या वाटतात. पण तुर्कस्तानातील अलेवी समाज आजही आपल्या धार्मिक मेळाव्यांत खताईच्या नावाची पदे गातो, हे त्या भाषेच्या जिवंतपणाचे लक्षण मानावे लागेल. गंमत अशी, की १५१४ मध्ये चाल्दिरानच्या लढाईत इस्माईलचा पराभव करणारा ऑटोमन सुलतान सलीम हाही कवी होता आणि त्याचा दिवान फारसीत आहे. इराणचा शाह तुर्कीत लिहीत होता आणि तुर्कांचा सुलतान फारसीत.

विजापूरचा दुसरा सुलतान इस्माईल आदिलशाह याच्याकडे या शाहाचा राजदूत आला होता. शाहाने आपल्याला स्वतंत्र राजा म्हणून मान्यता दिली, याचा आदिलशाहाला एवढा आनंद झाला, की त्याने आपल्या परदेशी सरदारांना किजिलबाशांची बारा पट्ट्यांची तांबडी टोपी घालण्याचा हुकूम दिला आणि शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे मशिदीतील प्रवचनात, इराणच्या राजघराण्यासाठी प्रार्थना सुरू केली, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. या सुलतानाला दख्खनी रीतींपेक्षा तुर्की आणि फारसी भाषा व संगीत अधिक प्रिय होते, अशीही फरिश्त्याची नोंद आहे. गोवळकोंड्याचा कुतुबशाही संस्थापक सुलतान कुली हा तर काराकोयुनलू तुर्कमान घराण्यातलाच होता. त्याच घराण्यातील ताब्रीझचा शासक जहानशाह (मृत्यू १४६७) 'हकीकी' या नावाने तुर्की आणि फारसी कविता करीत असे.

आणखी एक नाव सांगण्याचा मोह आवरत नाही. साइब ताब्रीझी हा सतराव्या शतकातील फारसी गझलेचा अत्यंत मोठा कवी. त्याच्या फारसी ओळींची संख्या प्रचंड आहे, पण त्याने मातृभाषेत, म्हणजे तुर्कीतही काही गझला लिहिल्या. हा साइब तरुणपणी हिंदुस्थानात आला, जफरखान या मोगल सरदाराच्या आश्रयाला राहिला, आणि शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्या लव्याजम्यासोबत बुऱ्हाणपूरला येऊन राहिला. खानदेशाच्या उंबरठ्यावर अझरबैजानी भाषेतला एक कवी काही काळ वावरून गेला, एवढे मात्र खरे. अर्थात त्याच्या थोड्याशा तुर्की गझलांवरून त्याला या भाषेचा प्रमुख कवी म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.


सायली_व यांचे उत्तर :

दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरीही ती वाचताना असे वाटते, की ही भाषा केवळ दरबारात आणि खानकाहांत, म्हणजे सूफी मठांत, बोलली जात होती. मला हे चित्र अपुरे वाटते. ज्या अरूजमध्ये देशी शब्द ताणून बसवावा लागतो, त्याच्या समांतर या भाषेचे स्वतःचे छंद शतकानुशतके चालू होते आणि ते अशिक नावाच्या गायक-कवींनी सांभाळले. हे कवी साझ हे लांब दांड्याचे तंतुवाद्य छातीशी धरून, उभे राहून गातात. लग्नसमारंभात तासन्‌तास दास्ताने, म्हणजे दीर्घ कथा, सांगतात, आणि दोन अशिक समोरासमोर आले की काव्यातून एकमेकांना कोडी घालून हरवण्याचा प्रयत्न करतात. या कलेला २००९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

त्यांचे छंद अक्षरांच्या संख्येवर चालतात, लघु-गुरूंवर नाही. म्हणजे आपल्या ओवी-अभंगांच्या अक्षरछंदांशी त्यांचे नाते गझलेच्या वृत्तांपेक्षा जवळचे आहे. गेरायलीत प्रत्येक ओळीत आठ अक्षरे, गोश्मात अकरा, आणि बयाती हा चार ओळींचा लोकछंद सात-सात अक्षरांचा. बयातीत पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकाने बांधलेली असते, तिसरी मोकळी असते. बहुतेक बयात्यांचे कर्ते अज्ञात आहेत. अंगाईपासून मर्तिकाच्या विलापापर्यंत सर्वत्र त्या बायकांच्या तोंडी आढळतात.

अशिक अलसगर (१८२१-१९२६) हा या परंपरेचा कळस. तो गोयचा भागातला, म्हणजे आज आर्मेनियात असलेल्या सेवान सरोवराच्या परिसरातला. तजनीस या प्रकारात यमकाचा शब्द प्रत्येक वेळी तोच ऐकू येतो, पण त्याचा अर्थ बदलत जातो. अलसगरने याच्याही पुढे जाऊन, गाताना ओठाला ओठ लागणार नाही, म्हणजे प, ब, म यांसारखा एकही वर्ण येणार नाही, अशा तजनीस रचल्या. तुर्कस्तानात हा प्रकार गाणारे कवी दोन ओठांमध्ये टाचणी धरून बसतात. ही कसरत आहे हे मान्य, परंतु अलसगरच्या काव्यात कसरतीपलीकडची कविताही आहे. डोंगरांना उद्देशून त्याने लिहिलेली पदे वाचावीत, म्हणजे पटेल.

आणि लेखी साहित्यात या लोकछंदांना मान मिळवून दिला तो मुल्ला पनाह वाकिफ याने (१७१७-१७९७). सुरुवातीला शाळामास्तर असलेला हा माणूस पुढे काराबाख खानतीचा, म्हणजे तेथील खानाच्या राज्याचा, वजीर झाला आणि शुशा या डोंगरी राजधानीत राहिला. दरबारात बसून फारसीचे अनुकरण करणे त्याला सहज शक्य होते. त्याऐवजी त्याने गोश्मा हाती घेतला आणि त्यात कुरा नदीच्या काठची, नावागावाची, हसणारी-बोलणारी माणसे आणली. त्याची प्रेयसी ही सुरू वृक्षासारखी अमूर्त आकृती नसून तिची वेणी, तिची ओढणी आणि तिच्या चालण्याची ढब आपल्याला दिसते. त्याचा मित्र विदादी हा नेहमी दुःखाकडे झुकणारा, आणि या दोघांचे कवितेतून झालेले संवाद फार मनोरंजक आहेत. विदादी म्हणतो, शेवटी रडशीलच. वाकिफ त्याला जीवनाचा आनंद घ्यायला सांगतो.

पण विदादीचेच खरे झाले. १७९७ मध्ये इराणचा आगा मुहम्मदखान काजार याने शुशा घेतले, आणि काही दिवसांतच त्याच्याच नोकरांनी तेथे त्याचा खून केला. त्या गोंधळात काराबाखच्या खानाच्या पुतण्याने सत्ता बळकावली आणि वाकिफला त्याच्या मुलासह ठार केले. जगात मला कोठेही सरळ वर्तन दिसले नाही, अशी तक्रार कडव्याकडव्यातून करणारा त्याचा 'गोर्मेदिम' हा मुखम्मस, म्हणजे पाच-पाच ओळींच्या कडव्यांचे काव्य, या शेवटाची पार्श्वभूमी मनात ठेवून वाचावा.

शुशाचीच आणखी एक कवयित्री सांगितल्यावाचून राहवत नाही. काराबाखच्या अखेरच्या खानाची मुलगी खुर्शीदबानू नातवान (१८३२-१८९७) हिने १८७२ मध्ये 'मजलिस-ए-उन्स' नावाचे कविमंडळ चालवले, आणि पुढे स्वतःच्या खर्चाने शहरात पिण्याचे पाणी आणले. तरुण मुलगा अब्बास याच्या मृत्यूनंतर तिने लिहिलेल्या गझला या भाषेतील शोककाव्यात फार वरच्या दर्जाच्या आहेत. पुरुषांनी शतकानुशतके रूढ केलेले विरहाचे सारे संकेत ती आईच्या दुःखासाठी वापरते, आणि मग त्या जुन्या प्रतिमा पुन्हा धारदार होतात.

म्हणून ऋतुगंध, माझा सल्ला पैलतीर यांच्यापेक्षा वेगळा आहे. प्रथम वाकिफ आणि बयात्या वाचाव्यात. भाषेचा स्वतःचा सूर कानात बसला, की फुजुलीने काय साधले हे अधिक नीट कळते.


ऋतुगंध :

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सायलीताई, नातवानविषयी मला काहीच माहिती नव्हती. आता दोन शंका राहिल्या आहेत. एक म्हणजे, ही परंपरा विसाव्या शतकात कोठे गेली? प्रेम, भक्ती आणि निसर्ग यांच्या बाहेर पडून समाजाविषयी बोलणारा कवी या भाषेत झाला का? दुसरी शंका इराणबाबत आहे. तेथे एवढे भाषक असतील, तर आधुनिक काळातील त्यांचा कवी कोण?


कडूनिंब यांचे उत्तर :

पहिल्या शंकेचे उत्तर एका नावात देता येते : मिर्झा अलकबर साबिर (१८६२-१९११). आणि सुरुवात कोणापासून करावी यावरही माझे मत तेच आहे, कारण साबिर वाचण्यासाठी ना सूफी परिभाषा लागते, ना छंदशास्त्र.

साबिर शमाखीचा. गझलकार आणि शिक्षक सैयद अजीम शिर्वानी याच्या नव्या पद्धतीच्या शाळेत तो शिकला. मोठे कुटुंब पोसण्यासाठी साबण तयार करून विकत असे. चाळिशी उलटेपर्यंत त्याच्या नावावर फारसे काही नव्हते. १९०६ मध्ये जलील मम्मदकुलीजादे यांनी तिफ्लिसमधून (आजचे त्बिलिसी) 'मुल्ला नसरुद्दीन' हे व्यंगचित्रांनी भरलेले साप्ताहिक सुरू केले आणि साबिरला त्याची जागा सापडली. पुढच्या पाच वर्षांत त्याने जे लिहिले, त्यावर त्याची सारी कीर्ती उभी आहे. ते बहुतेक टोपणनावांनी छापले जाई. त्यांतले 'होप-होप', म्हणजे हुदहुद पक्षी, हे सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या मृत्यूनंतर १९१२ मध्ये निघालेल्या संग्रहाला म्हणूनच 'होपहोपनामे' हे नाव मिळाले.

त्याची युक्ती साधी आणि भेदक आहे. तो सुधारकाच्या तोंडून उपदेश करीत नाही. ज्याच्यावर टीका करायची त्यालाच बोलू देतो. एका कवितेत बाप ठणकावून सांगतो, की माझ्या मुलाला मी शिकू देणार नाही, माझा पिच्छा सोडा, आणि शिक्षणाने मुलगा कसा बिघडेल याची एकाहून एक हास्यास्पद कारणे देत जातो. दुसऱ्या एका कवितेत एक सुखवस्तू गृहस्थ म्हणतो : राष्ट्र लुटले जात असेल तर जावो, मला काय त्याचे? शत्रूचा मिंधा होत असेल तर होवो, मला काय त्याचे? माझे पोट भरलेले आहे, बाकीच्यांशी मला कर्तव्य नाही. 'मला काय त्याचे' हे पालुपद प्रत्येक वळणावर येते, आणि अखेरीस वाचकाला स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागतो. यातली गोम अशी, की या कविता अरूजमध्ये आहेत. गझलेची घासूनपुसून गुळगुळीत झालेली वृत्ते घेऊन त्याने त्यांत बाजारातली भाषा भरली. पैलतीर यांनी सांगितलेली अडचण, म्हणजे देशी शब्द वृत्तात बसत नाहीत ही, साबिरने जणू हसत हसत मोडून काढली.

साबिरच्या कवितांचा परिणाम सीमेपलीकडेही झाला. इराणमध्ये तेव्हा घटनात्मक क्रांती चालू होती आणि ताब्रीझ हे तिचे एक प्रमुख केंद्र होते. तेथे या कविता पाठ केल्या जात. रश्तच्या 'नसीम-ए-शुमाल' या पत्राचे संपादक अशरफुद्दीन गीलानी यांनी त्यांपैकी अनेक फारसीत आणल्या. तेव्हा फारसीकडून घेत आलेल्या भाषेने येथे फारसीला दिले, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो.

त्यानंतरचा काळ थोडक्यात सांगतो, कारण तो सुखावह नाही. स्टालिनच्या १९३७ च्या दमनचक्रात या भाषेतील उत्तमोत्तम कवी गेले. आजच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिणारा अहमद जवाद त्या वर्षी गोळी घालून मारला गेला. पद्यनाटककार हुसेन जाविद याला अटक होऊन सायबेरियात पाठवण्यात आले. तो १९४१ मध्ये तेथेच मरण पावला, आणि त्याच्या अस्थी नखचिवानला आणायला १९८२ साल उजाडले. मिकाईल मुश्फिक तर तिशीही गाठू शकला नाही. तार या वाद्याला मागासलेपणाचे प्रतीक ठरवून ते बंद करण्याची भाषा चालू होती, तेव्हा मुश्फिकने 'गा, तार' अशी कविता लिहिली. तिचा त्याच्या मृत्यूशी थेट संबंध जोडण्याची रीत आहे. माझ्या मते तेवढे सरळ कार्यकारण मांडू नये, कारण त्या काळी मारले जाण्यासाठी कवितेचीही गरज नव्हती.

याच काळात लिपी दोनदा बदलली. अरबी लिपी जाऊन १९२० च्या दशकात लॅटिन आली, १९३९-४० मध्ये तिच्या जागी सिरिलिक आली, आणि पुढे १९९१ मध्ये पुन्हा लॅटिन. साबिर ज्या अक्षरांत छापला गेला, ती अक्षरे त्याच्याच गावातील नातवंडांना वाचता येईनाशी झाली. इराणमध्ये मात्र अरबी लिपीच चालू राहिली.

जे टिकले त्यांत समद वुर्गुन (१९०६-१९५६) हा सरकारमान्य महाकवी. त्याची 'अझरबैजान' ही कविता तेथील प्रत्येक शाळकरी मुलाला येते आणि तिची लय खरोखर सुंदर आहे. राजवटीच्या गौरवासाठी लिहिलेले त्याचे बाकी पुष्कळसे काव्य मी पुन्हा उघडणार नाही. त्यापेक्षा अलीआगा वाहिद (१८९५-१९६५) मला अधिक प्रिय आहे. सोव्हिएत बाकूत राहून तो फुजुलीच्या वळणाच्या गझला लिहीत राहिला, त्या मुगाम या पारंपरिक संगीतप्रकाराच्या गायकांनी उचलल्या, आणि आजही बाकूच्या लग्नांत त्या ऐकू येतात. गझल वाचणाऱ्याने मक्त्यात, म्हणजे कवीचे नाव असलेल्या शेवटच्या शेरात, स्वतःची थट्टा करणारा वाहिद अवश्य पाहावा.


सायली_व :

इराणबाबतच्या शंकेचे उत्तर मी देते. ताब्रीझचा मुहम्मद हुसेन शहरियार (१९०६-१९८८) हे ते नाव. हा फारसी गझलेचा विसाव्या शतकातील अग्रगण्य कवी असून त्याच्या मृत्यूचा दिवस, १८ सप्टेंबर, इराणमध्ये फारसी काव्याचा दिन म्हणून पाळला जातो. असे असूनही त्याची सर्वांत दूर पोहोचलेली कविता फारसीत नाही. आईला त्याच्या फारसी कविता कळत नसत आणि तिनेच त्याला आपल्या भाषेत लिहायला सांगितले, अशी कथा प्रचलित आहे. 'हैदरबाबाया सलाम' हे त्याचे दीर्घकाव्य १९५४ मध्ये ताब्रीझला प्रसिद्ध झाले. पहलवी राजवटीत या भाषेत शिक्षण नव्हते आणि छपाईवर कडक निर्बंध होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या छोट्या पुस्तकाचे महत्त्व कळते.

हैदरबाबा हा त्याच्या बालपणीच्या खोश्गनाब गावाजवळचा डोंगर. कवी त्यालाच उद्देशून बोलतो. पाच-पाच ओळींची कडवी आहेत, प्रत्येक ओळीत अकरा अक्षरे, म्हणजे अशिकांच्या गोश्माचेच माप. वीज कडाडते, पूर वाहतात, मुली रांगेने उभ्या राहून ते पाहतात, आणि त्या वेळी माझीही आठवण काढ, अशी सुरुवात. पुढे नवरोजच्या रात्री गच्चीवरच्या धुराड्यातून शाली खाली सोडून भेटवस्तू मागणारी मुले येतात, रंगवलेली अंडी येतात, गावातले नातेवाईक एकामागून एक नावानिशी येतात. यात कसलीही घोषणा नाही. तरीही या काव्याला उत्तर म्हणून सीमेवरच्या अरस नदीच्या दोन्ही काठांवर आणि तुर्कस्तानातही कित्येक कवींनी त्याच मापात नजीरे, म्हणजे जवाबी काव्ये लिहिली.

अरसच्या उत्तर काठावरून बोलणारा कवी म्हणजे बख्तियार वहाबजादे (१९२५-२००९). १८१३ च्या गुलिस्तान आणि १८२८ च्या तुर्कमेनचाय तहांनी रशिया आणि इराण यांच्यात हा भाषाप्रदेश वाटला गेला. त्या फाळणीवर त्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'गुलिस्तान' हे काव्य लिहिले, आणि त्यापायी १९६२ मध्ये विद्यापीठातील नोकरी गमावली. काव्य म्हणून ते शहरियारच्या तोडीचे नाही, पण दोन्ही एकापाठोपाठ वाचण्यासारखी आहेत.

'हैदरबाबा' प्रथम ऐकावे आणि मग वाचावे. शहरियारच्या स्वतःच्या आवाजातील ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. अर्थ कळला नाही तरी अकरा अक्षरांची ओळ चार आणि सातवर, किंवा सहा आणि पाचवर कशी थांबते, हे दोन-तीन कडव्यांत कानाला समजते, आणि वाकिफचे गोश्मे त्यानंतर घेतले तर छंदासाठी वेगळी मेहनत करावी लागत नाही.